मॉर्मन मिशनऱ्यांशी आदराने बोलायचं, तर प्रश्न कुठून सुरू करावेत?

नदीकाठ (धागालेखक)

येत्या शनिवारी दोन एल्डर (त्यांचे तरुण मिशनरी) घरी येणार आहेत. युटाह त्यांचा बालेकिल्ला, इथे यात नवल काही नाही. वीस-एकवीसची सभ्य मुलं आहेत. आम्ही प्रोटेस्टंट, घरात मराठी पवित्र शास्त्र वाचतो. त्यांना दारातून परत पाठवायचं नाही आणि हरवायचंही नाही. पण "आम्हीही ख्रिस्तीच" असं ते म्हणतात, तेव्हा फरक नेमका कुठे पडतो ते त्यांना आणि आम्हाला दोघांनाही स्पष्ट व्हावं, एवढंच हवंय. नेटवर एकतर टिंगल सापडते, नाहीतर पन्नास आरोपांची यादी. वेळ पाऊण तास. कुठला मुद्दा आधी घ्यावा, कुठली वचनं उघडावीत आणि काय टाळावं?

जुनी_प्रत

पाऊण तासात एक विषय नीट होतो, दोन अर्धवट राहतात आणि तीन घेतले की भांडण होतं. म्हणून एकच घ्या, आणि तो देवाविषयीचा घ्या. बहुपत्नीत्व, सोन्याच्या पाट्या (ज्यांवरून त्यांचा ग्रंथ बुक ऑफ मॉर्मन भाषांतरित झाला असं ते मानतात), मंदिरातले विधी ही त्याच झाडाची पानं आहेत. पानं मोजत बसलात तर मूळ राहून जाईल.

सुरुवातीलाच सांगून टाका की बाप्तिस्मा घ्यायचा विचार नाही, समजून घ्यायचं आहे. त्यांच्या धड्यांत बाप्तिस्म्याचं आमंत्रण लवकर येतं. तुमचा हेतू नंतर कळला तर त्यांना फसल्यासारखं वाटेल, आणि ते रास्तच आहे.

पहिली दहा मिनिटं फक्त शब्दांचे अर्थ विचारा. संभाषण फसतं ते बहुधा इथेच. दोन्ही बाजू "देवबाप", "पुत्र", "तारण" असे तेच शब्द वापरतात, माना डोलावतात आणि प्रत्यक्षात वेगळंच बोलत असतात. त्यांच्या शिकवणीत पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही तीन स्वतंत्र अस्तित्वं आहेत, हेतूने एक. पित्याला मनुष्यासारखं मांस-अस्थींचं, हाताला लागेल असं शरीर आहे. हे "डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्स" या त्यांच्या शास्त्रग्रंथात, १३०:२२ मध्ये स्पष्ट लिहिलंय (पुढे नुसतं डी अँड सी म्हणतो). सगळी माणसं पृथ्वीवर येण्याआधी स्वर्गीय मातापित्यांची आत्मिक मुलं होती आणि येशू त्यांतला ज्येष्ठ.

"तारण" हा तर दुहेरी शब्द आहे. पुनरुत्थान ख्रिस्तामुळे सगळ्यांनाच मिळतं. त्यानंतर डी अँड सी ७६ प्रमाणे वैभवाची तीन राज्यं आहेत: सेलेस्टियल, टेरेस्ट्रियल, टेलेस्टियल. सर्वांत वरच्या अवस्थेला ते एक्झॉल्टेशन म्हणतात. तिच्यासाठी बाप्तिस्म्यापाठोपाठ मंदिरातला एन्डाउमेंट विधी आणि पती-पत्नीचं सीलिंगही (म्हणजे अनंतकाळासाठी बांधलेलं लग्न) लागतं. तेव्हा "तुमचं तारण कृपेने होतं का?" असं विचारलंत तर ते प्रामाणिकपणे "हो" म्हणतील आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. "पित्यापाशी कायम राहायला काय काय लागतं?" असं विचारा.

मग मुख्य प्रश्न: देवबाप नेहमीच देव होता का?

इथे त्यांच्या चर्चचा संस्थापक जोसेफ स्मिथ याचं ७ एप्रिल १८४४ चं नॉव्हू इथलं, किंग फॉलेट नावाच्या सभासदाच्या निधनानिमित्तचं प्रवचन पुढे टाकायचा मोह होतो. देव एकेकाळी आपल्यासारखा होता आणि तो उन्नत झालेला मनुष्य आहे, अशी मांडणी त्यात आहे. टाकू नका. ते त्यांच्या अधिकृत शास्त्रात नाही, ऐकणाऱ्यांच्या टिपणांवरून जुळवलेलं आहे. एल्डर "हे शास्त्र नाही" म्हणतील आणि ते खरंच असेल. पुढची वीस मिनिटं "तुम्ही हे मानता की नाही" यातच जातील.

त्याऐवजी त्यांचीच पुस्तकं उघडायला सांगा. बुक ऑफ मॉर्मनमधलं मोरोनी ८:१८ म्हणतं की देव बदलणारा नाही, अनादिकालापासून अनंतकालापर्यंत तो तसाच आहे. डी अँड सी २०:१७ तेच सांगतं. पुढे डी अँड सी १३२:२० म्हणतं की सीलिंग झालेले, करार पाळणारे लोक "देव होतील". तिन्ही ठिकाणं त्यांनाच मोठ्याने वाचू द्या. मग विचारा: "माणूस देव होऊ शकत असेल, तर देव असणं ही मिळवायची गोष्ट ठरते. मग पित्याने ती मिळवली, की ती त्याच्याकडे नेहमीच होती? आणि मिळवली असेल, तर मोरोनी ८:१८ कसं वाचायचं?"

यानंतर यशया ४३:१० आणि ४४:६-८. देवाच्या आधी कोणी देव झाला नाही, नंतर होणार नाही. ठरलेलं उत्तर येईल: हे मूर्तींबद्दल आहे, किंवा आपल्यापुरता देव एकच. त्यावर ४४:८ चा शेवट दाखवा. तिथे देव म्हणतो की दुसरा कोणी त्याला ठाऊकच नाही. इथे विचारायचं ते एवढंच: पित्याचाही कोणी पिता असता, तर पित्याला तो ठाऊक नसता का?

आणि गप्प बसा. ही सूचना आहे, कोपरखळी नाही. उत्तर देणारा विचारात पडलेला असताना दुसरं वचन फेकलं की पहिलं वाया जातं.

ओसरी

वरच्याशी सहमत. मी फक्त आपल्या बाजूच्या चुकांचं लिहितो, कारण गाडी घसरते ती बहुधा आपल्यामुळेच.

पाणी-बर्फ-वाफ हे उदाहरण त्रैक्यासाठी (देव एकच, पण पिता, पुत्र, आत्मा तीन व्यक्ती) वापरू नका. एकच पदार्थ तीन रूपं घेतो असं म्हटलं, की पिताच पुत्र होतो. मंडळीने हे मत तिसऱ्या शतकातच नाकारलंय. एल्डर लगेच येशूचा बाप्तिस्मा दाखवतील: पुत्र पाण्यात, आत्मा कबुतरासारखा उतरतोय, वाणी स्वर्गातून. किंवा प्रेषितांची कृत्ये ७:५५-५६, स्तेफनाला देवाच्या उजवीकडे येशू दिसतो. आणि तुमचं उदाहरण तिथेच वितळेल. पिता म्हणजे पुत्र नव्हे, हे आपणही मानतोच. व्यक्ती तीन, देवपण एक आणि तेही अविभाज्य. त्यांच्याशी मतभेद "तीन" वर नाही, "एक" म्हणजे काय यावर आहे. हे आधी कबूल केलंत तर निम्मा वाद उरतच नाही.

१ योहान ५:७ मधलं "स्वर्गात साक्ष देणारे तीन" हे वाक्य किंग जेम्स या जुन्या इंग्रजी बायबलमध्ये आहे, पण जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाही. त्यावर उभं राहू नका. त्यांचा मुळात आक्षेपच हा की बायबलमध्ये नंतर हात घातला गेला, आणि तुम्ही नेमकं तेच उदाहरण हातात घेऊन बसाल.

योहान ४:२४, "देव आत्मा आहे", यावर ते जोसेफ स्मिथने केलेली बायबलची सुधारित आवृत्ती पुढे करतील. तिथे हे वाक्य बदललेलं आहे. शांतपणे विचारा की हा बदल कुठल्या ग्रीक हस्तलिखितात सापडतो. सापडत नाही. तो प्रकटीकरणाने झाला असं ते म्हणतील. मग प्रश्न हस्तलिखितांचा राहत नाही, जोसेफ स्मिथच्या अधिकाराचा होतो, आणि तो तसाच मांडायला हवा.

"बायबल बिघडलं" या सर्वसाधारण दाव्यापुढे मृत समुद्राजवळची यशयाची गुंडाळी ठेवा. इसवी सनापूर्वीची, त्याआधी हातात असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा सुमारे हजार वर्षं जुनी. शुद्धलेखनाचे आणि किरकोळ शब्दांचे फरक भरपूर आहेत, पण त्यांच्या ग्रंथातल्या १ नेफी १३ मध्ये म्हटल्याप्रमाणे मौल्यवान भाग काढून टाकल्याची खूण तिच्यात नाही.

बाकी झटपट. "कल्ट" हा शब्द नको. "येशू आणि सैतान भाऊ" हा टोमणा नको. त्यामागचा खरा प्रश्न कलस्सै १:१६ मध्ये आहे: दृश्य-अदृश्य, अधिपती, अधिकारी, सगळं त्याच्याद्वारे निर्माण झालं असेल तर तो त्या सगळ्यांच्या ओळीतला ज्येष्ठ कसा? मंदिराच्या वस्त्रांबद्दल अक्षर काढू नका. त्यांच्यासाठी ती पवित्र गोष्ट आहे. आणि चहा टाकू नका. डी अँड सी ८९ मुळे चहा-कॉफी दोन्ही वर्ज्य. लिंबू सरबत चालेल.

पाखाडी

इतिहास पूर्ण बाजूला ठेवावा, हे मला पटत नाही. पहिल्या भेटीत नको, मान्य. पण एक ऐतिहासिक मुद्दा असा आहे जो थेट जुनी_प्रत यांच्या प्रश्नाला जाऊन भिडतो: बुक ऑफ अब्राहम.

१८३५ मध्ये ओहायोतल्या कर्टलंडला जोसेफ स्मिथ आणि सहकाऱ्यांनी एका फिरत्या प्रदर्शनवाल्याकडून चार ममी आणि पपायरस (इजिप्तमधली जुनी लिखित पानं) २,४०० डॉलरला विकत घेतले. त्यांतून अब्राहामाचं लिखाण भाषांतरित झालं असं सांगण्यात आलं. ते १८४२ मध्ये छापलं गेलं आणि १८८० मध्ये अधिकृत शास्त्रात आलं. त्यातल्या चौथ्या अध्यायात सृष्टी "देवांनी" घडवली, अनेकवचनात. तिसऱ्यात निर्मितीआधीच्या बुद्धिरूप आत्म्यांचं वर्णन आहे. म्हणजे देवाबद्दलच्या वेगळ्या शिकवणीचा एक मोठा खांब इथे उभा आहे.

पपायरस शिकागोच्या आगीत गेले असं मानलं जाई. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने त्यांचे काही तुकडे चर्चला दिले. ते वाचले गेले तेव्हा निघाले इजिप्शियन अंत्यविधीचे मजकूर. एक होर नावाच्या पुरोहितासाठीचा, अब्राहामाच्या काळानंतर कित्येक शतकांचा. चर्चने २०१४ मध्ये स्वतःच्या संकेतस्थळावर निबंध टाकला, त्यात उरलेल्या तुकड्यांवरची अक्षरं बुक ऑफ अब्राहमच्या मजकुराशी जुळत नाहीत हे मान्य केलंय. म्हणून हा मुद्दा विरोधकांच्या पत्रकातून मांडू नका, तोच निबंध उघडा. मुलांना विरोधकांचं लिखाण वाचायला लावलं की ती दार बंद करून घेतात. स्वतःच्या चर्चचं पान ती वाचतात.

त्यांच्याकडे दोन उत्तरं आहेत: मूळ भाग जळालेल्या गुंडाळीत होता, किंवा पपायरस निमित्त होतं आणि मजकूर प्रकटीकरणाने आला. दुसरं उत्तर दिलं तर विचारता येतं की "भाषांतर" हा शब्द इथे नेमक्या कोणत्या अर्थाने आहे, आणि बुक ऑफ मॉर्मनसाठीही तोच अर्थ घ्यायचा का?

एक इशारा. बुक ऑफ मॉर्मनमध्ये यशयाचे ४८ ते ५३ मधले अध्याय येतात. त्या ग्रंथातला नेफी यरुशलेम सोडून गेला इ.स.पू. ६०० च्या सुमारास, आणि हे अध्याय त्यानंतरच्या बॅबिलोनच्या बंदिवासातले असं बरेच अभ्यासक मानतात; मग ते त्याच्याकडे आले कुठून? मुद्दा वजनदार आहे. पण तुम्ही स्वतः संपूर्ण यशया एकाच संदेष्ट्याचा मानत असाल, तर तो तुम्हाला वापरता येणार नाही. दुसऱ्याच्या ग्रंथाला जी फूटपट्टी लावाल ती आपल्यालाही लावावी लागते.

सेगोलिली

मी चर्चची सभासद आहे. धागा सभ्य आहे म्हणून लिहितेय.

आधी नाव. २०१८ मध्ये आमच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी "मॉर्मन" ऐवजी चर्चचं पूर्ण नाव वापरायची विनंती केलीय. "लॅटर-डे सेंट्स" म्हटलंत तरी मुलांना बरं वाटेल.

दुसरं, "प्रत्येकाला स्वतःचा ग्रह मिळतो" हे आमच्या शास्त्रात नाही. चर्चने या विषयावरच्या निबंधात ते व्यंगचित्र म्हणून नाकारलंय. आम्ही जोसेफ स्मिथची उपासना करत नाही. बहुपत्नीत्व थांबवण्याची घोषणा १८९० मध्ये झाली. आज जे ते पाळतात ते आमचे सभासद नाहीत.

तिसरं कृपेबद्दल. २ नेफी २५:२३ मधलं "आपल्याला शक्य ते सगळं केल्यानंतर" कृपेने तारण होतं, हे वाक्य नेहमी आमच्यावर टाकलं जातं. "नंतर" म्हणजे "त्यामुळे" नव्हे, हे आमचे एक वरिष्ठ नेते उख्टडॉर्फ यांनी २०१५ च्या चर्चच्या एप्रिल परिषदेत सांगितलंय. आल्मा २४:११ मध्ये "शक्य ते सगळं" म्हणजे पश्चात्ताप. आणि साक्षीबद्दल, म्हणजे आतून मिळणाऱ्या खात्रीबद्दल: आम्ही नुसत्या भावनेवर जात नाही. डी अँड सी ९:८ आधी मनात अभ्यास करायला सांगतं, मग विचारायला.

आता माझा प्रश्न. "एकतत्त्व" (पिता आणि पुत्र एकाच तत्त्वाचे) हा शब्द तुम्ही इ.स. ३२५ च्या नायसियाच्या परिषदेतून घेतलात. तो बायबलमध्ये नाही. मग जोसेफ स्मिथच्या १८४३-४४ च्या शब्दांना "बायबलबाहेरचे" कसं म्हणता? आणि चौथ्या शतकातला तुमचा बिशप अथनासियस स्वतः म्हणतो की देव मनुष्य झाला ते मनुष्याने देव व्हावं म्हणून. त्याला चालतं, आम्हाला नाही?

जुनी_प्रत

दुरुस्त्या मान्य, नावाचीही. २ नेफीबद्दल तुम्ही सांगता तो अर्थ मी आधीच लिहायला हवा होता. नदीकाठ, ते वचन भांडायला वापरूच नका. कृपेवर बोलायचं झालंच तर इफिस २:८-१० तिन्ही वचनं सलग वाचा. आपले लोक नवव्यावर थांबतात, आणि सत्कर्मं दहाव्यात आहेत.

नायसियाबद्दल: शब्द बायबलमध्ये नाही, खरंय. शब्दाच्या वयावर आमचा आक्षेप नाहीच. तो शब्द जे जपतो ते आधीपासून तिथे होतं का, हा प्रश्न आहे. देव एकच (अनुवाद ६:४), शब्द देव होता (योहान १:१), आणि शब्द पित्याबरोबर होता, ही तिन्ही विधानं एकत्र धरायची तर काहीतरी म्हणावं लागतं. "एकतत्त्व" यातलं एकही सोडत नाही. पित्याला एकेकाळी देवपण नव्हतं असं मानलं, तर स्तोत्र ९०:२ सुटतं. कसोटी दोघांना हीच लावू.

अथनासियसचा मुद्दा चांगला आहे आणि बहुतेक प्रोटेस्टंटांना त्याचं उत्तर येत नाही. त्याच्या लिखाणात निर्माता आणि निर्मित यांच्यातली रेघ पुसली जात नाही. पुत्र निर्मित आहे म्हणणाऱ्या एरियसशी त्याचं सगळं भांडणच त्या रेघेवर होतं. लोखंड आगीत लाल होतं, आग होत नाही. डी अँड सी ९३:२९ म्हणतं की मनुष्याचं मूळ बुद्धितत्त्व निर्माण झालेलंच नाही. म्हणजे तुमच्याकडे देव आणि माणूस एकाच जातीचे, पायऱ्या वेगळ्या; आमच्याकडे जातच वेगळी, आणि कृपेने सहभाग. दोन्हीकडे "देव होणं" असा शब्दप्रयोग असला तरी वाटा इथे फुटतात. हे तुम्हाला चुकीचं वाटत असेल तर जरूर सांगा.

सेगोलिली

"एकाच जातीचे" हे आमचे लोक नाकारणार नाहीत. आमच्या दृष्टीने ती उणीव नाही, "बाप" या शब्दाचा तोच खरा अर्थ आहे. पण फरक बरोबर मांडलात.

नदीकाठ (धागालेखक)

सगळ्यांचे आभार. दोन शंका. एक, ते शेवटी "प्रार्थना करून विचारा" म्हणणारच. नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. दोन, वसईच्या एका कॅथलिक कुटुंबातल्या मुलीचा लॅटर-डे सेंट्सकडे बाप्तिस्मा झालाय, आता ती कॅथलिक चर्चमध्ये परत येतेय. तो बाप्तिस्मा धरला जातो का?

ओसरी

प्रार्थनेबद्दल. ते मोरोनी १०:४ वाचतील आणि बुक ऑफ मॉर्मन खरं आहे का ते देवाला विचारायला सांगतील. सोबत याकोब १:५. "प्रार्थना करणार नाही" म्हणू नका, तसं म्हणायचं कारणही नाही. म्हणा: "प्रार्थना करतो. पण देवाने आधी जे सांगितलंय त्याच्याशी एखादी शिकवण जुळते का, हे आम्ही शास्त्रात तपासतो, बिरुयातल्या लोकांसारखं." प्रेषितांची कृत्ये १७:११. पौलाचंही त्यांनी तपासलं आणि त्यासाठी त्यांचं कौतुकच झालं. याकोब १:५ ज्ञान मागायला सांगतो. संदर्भ परीक्षेत टिकून राहण्याचा आहे, तिथे दुसरं ते चौथं वचन सोबत वाचा.

यिर्मया १७:९, "हृदय कपटी आहे", हे मात्र काढू नका. एकतर तो समोरच्याच्या श्रद्धेवर थेट वार होतो. दुसरं म्हणजे तेच वचन तुमच्याही साक्षीवर उलटतं.

अवांतर: आपल्याकडे हे नवं नाही. ह्यू फिंडले नावाचा त्यांचा मिशनरी १८५० च्या दशकात मुंबई-पुण्यात प्रचार करत होता. ती पहिली फेरी काही वर्षांतच आटोपली.

पाखाडी

बाप्तिस्म्याबद्दल. कॅथलिक चर्च तो धरत नाही. व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक विभागाने ५ जून २००१ रोजी उत्तर दिलं: वैध नाही. पाणी आहे आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा ही नावंही आहेत, तरीही नाही. कारण त्या नावांमागचा अर्थच वेगळा, म्हणजे फिरून तोच पहिला प्रश्न. ती मुलगी आधी कॅथलिक म्हणून बाप्तिस्मा घेतलेली असेल तर तो पहिला बाप्तिस्मा कायम आहे, पुन्हा देत नाहीत. पापनिवेदन आणि पुढचं तिच्या धर्मगुरूंशी बोलून ठरवायचं. तिचा एकमेव बाप्तिस्मा तिकडचाच असेल तर नव्याने घ्यावा लागेल. उलट दिशेनेही हेच चालतं: लॅटर-डे सेंट्स आपला बाप्तिस्मा धरत नाहीत, कारण त्यांच्या मते त्यासाठी लागणारा याजकीय अधिकार १८२९ मध्ये पुन्हा दिला गेला आणि तो फक्त त्यांच्याकडे आहे. तेव्हा "तुम्ही आम्हाला ख्रिस्ती मानत नाही" असं एल्डर म्हणाले तर रागावू नका, विचारा: "आमचा बाप्तिस्मा तुम्ही धरता का?"

तिच्या घरच्यांना सांगा, आल्या आल्या तिची उलटतपासणी घेऊ नका. आधीच्या बाप्तिस्म्याचा दाखला तेवढा पॅरिशमधून काढून ठेवा.